वाचक विचारतात : मुलाच्या हातात पिस्तूल येतं कुठून?

तरुणांच्या हातातली पिस्तुलं, अमली पदार्थांचा धंदा आणि त्यात समाजाचा वाटा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत ‘याला आपण सगळेच जबाबदार आहोत’ असं वाक्य आहे. ते खरं आहे. पण जबाबदारी सगळ्यांची म्हटली की कोणीच जागचं हलत नाही. म्हणून उत्तरांमध्ये जमेल तिथे कोणी, काय आणि केव्हा करायचं हे लिहिलं आहे. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात, त्यामुळे तेवढ्यापुरता स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : नशेत माणूस बेभान होतो आणि गोळी झाडतो. मग नशा बंद केली की गोळीबार आपोआप थांबेल ना?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : वाटतं तसं, पण खुनांची छाननी केली की वेगळंच दिसतं. अमेरिकी संशोधक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये अमली पदार्थांशी जोडलेल्या हिंसेचे तीन प्रकार सांगितले : नशेच्या अमलाखाली केलेली, नशेला पैसा हवा म्हणून केलेली आणि धंद्यातून उपजलेली. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमधले १९८८ सालचे ४१४ खून तपासले. त्यांतले २१८ अमली पदार्थांशी संबंधित निघाले. या २१८ पैकी १६२ धंद्याच्या भांडणातले होते. अमलाखाली झालेले ३१, आणि त्यांतल्याही बहुतेकांत दारू होती. पैशासाठी झालेले फक्त ८. उरलेल्यांत कारणं मिसळलेली होती.

धंद्याचं भांडण म्हणजे काय? हद्द कोणाची, उधारी कोणी बुडवली, मालात भेसळ कोणी केली, पोलिसांना कोणी सांगितलं. दुकानदाराचे पैसे बुडाले तर तो कोर्टात जातो. इथे पावती नाही, करार नाही, कोर्ट नाही. वसुलीला धाक लागतो आणि धाकाला हत्यार.

यात कोवळी मुलं का येतात, याचं उत्तर अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टीन यांनी १९९५ मध्ये मांडलं. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास क्रॅक, म्हणजे धूर करून ओढायचं कोकेन, आलं. ते छोट्या पुड्यांत विकलं जातं, म्हणून विकणारे हात जास्त लागतात. मोठ्यांना शिक्षा कडक असते आणि मुलांना सौम्य, म्हणून भरती मुलांची झाली. या मुलांच्या खिशात रोकड आणि माल, दोन्ही असायचं. लुटलं गेलं तर तक्रार करायला जागा नाही, म्हणून त्यांनी पिस्तूल ठेवलं. मग त्याच गल्लीतल्या, त्याच शाळेतल्या, पुडीला हातही न लावलेल्या मुलांनी भीतीपोटी पिस्तूल मिळवलं. पूर्वी ज्या भांडणात नाक फुटायचं, त्यात आता जीव जाऊ लागला. १९८५ ते १९९२ या काळात अल्पवयीन मुलांनी बंदुकीने केलेले खून दुपटीहून अधिक झाले. त्याच मुलांनी इतर हत्यारांनी केलेले खून मात्र जिथल्या तिथे राहिले.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत. बहुतेक मुलं पिस्तूल धरतात ती भीतीने. भीती कमी न करता नुसतं पिस्तूल काढून घेतलं तर दुसरं येतं.

प्रश्न : मी नोकरी करतो, कर भरतो. महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर थोडं विकत घेतो. कुठल्याशा वस्तीतल्या गोळीबाराशी माझा काय संबंध?
— एक वाचक, वय २९

उत्तर : संबंध पैशाचा आहे. तुमची नोट आधी पोचवणाऱ्या मुलाच्या खिशात जाते. त्यातलं बहुतेक वर जातं आणि मुलाच्या वाट्याला धोका राहतो. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांनी शिकागोतल्या एका टोळीचे चार वर्षांचे जमाखर्च तपासले होते. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची ताशी कमाई तेव्हाच्या किमान वेतनापेक्षाही कमी पडत होती. त्यांच्यातली वर्षाला शंभरात जवळपास सात पोरं मारली जात होती. घरबसल्या पुडी मिळण्याची सोय कोणाच्या जिवावर होते, ते या दोन आकड्यांत आहे.

वरच्या टोकालाही हेच घडतं. कोलंबियाचे न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया कोकेनच्या टोळ्यांच्या मागे लागले होते. ३० एप्रिल १९८४ रोजी मोटारसायकलवरून आलेल्या तरुण मारेकऱ्यांनी त्यांना ठार केलं. तिथल्या मेदेयीन शहराच्या टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांतली पोरं या कामासाठी सर्रास उचलली जात होती. कोकेन विकलं जात होतं मुख्यतः श्रीमंत देशांत. आजही मेक्सिकोत जप्त होऊन ज्या बंदुकांचा माग लागतो, त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेतून आलेल्या असतात. अमली पदार्थ एका दिशेने जातात, पैसा आणि बंदुका उलट दिशेने येतात.

तुमचा वाटा लहान आहे हे मान्य. सगळीकडे मालाचा मोठा भाग मोजके रोजचे वापरणारेच संपवतात. पण लहान म्हणजे शून्य नाही, आणि तो आजच काढून घेणं तुमच्या हातात आहे. विकणाऱ्याचा नंबर काढून टाका. वर्गणीत पैसे घालणं थांबवा आणि का थांबवलं ते मित्रांना एकदा स्पष्ट सांगा. एकट्याने गुपचूप सोडलं तर पुढच्या वेळी तुमच्या नावावर दुसरा कोणी घेतोच. महिनाभर थांबून बघा. जमलं नाही, तर ‘एखाद्या वेळी’ हा शब्द आता खरा राहिलेला नाही असं समजून डॉक्टरांकडे जा. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही परिणामकारक औषधं आहेत. ती नियमित घेणारा माणूस मरणापासून लांब राहतो आणि बाजारातलं एक रोजचं गिऱ्हाईकही कमी होतं.

यावरून वापरणाऱ्यांना तुरुंगात टाका असा अर्थ काढू नये. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका साठा स्वतःसाठी बाळगणं हा फौजदारी गुन्हा मानणं सोडलं. पदार्थ जप्त होतो आणि माणसाला तीन सदस्यांच्या समितीपुढे बसवून उपचारांकडे वळवलं जातं. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. शिक्षेची भीती असणारा माणूस दवाखान्यात येत नाही. जो दवाखान्यात येत नाही, तो पुडी घ्यायला जातोच.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून त्याच्याकडे दुसरा फोन दिसतो, नवे बूट आले, रात्री अचानक ‘जरा जाऊन येतो’ म्हणतो. परवा मार खाऊन आला, म्हणाला सामान हिसकावलं. तेव्हापासून घाबरलेला आहे. हे म्हणतात, झोडपून काढतो आणि फोन फोडतो. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, आधी फोन फोडू देऊ नका आणि मुलावर हात उचलू देऊ नका. दोन्हीची कारणं पुढे येतीलच.

तुम्ही लिहिलेल्या खुणांत सर्वात जास्त काळजीची आहे ती शेवटची, ‘सामान हिसकावलं’. इंग्लंडमध्ये शहरातल्या टोळ्या लहान गावांत मुलांकरवी माल पोचवतात. या पद्धतीला तिथे ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात : काउंटी म्हणजे जिल्हा आणि लाइन म्हणजे फोनची लाइन, कारण सगळा धंदा एका फोन नंबरवर चालतो. तिथल्या पोलिसांनी आणि बालसंरक्षण यंत्रणांनी या भरतीची पद्धत बारकाईने नोंदवली आहे, आणि ती ओळखायला इतरत्रही उपयोगी पडते. आधी मोठा भाऊ असल्यासारखं वागणं, खाणंपिणं, बूट, फोन. मग एखादी पिशवी ‘फक्त तिकडे देऊन ये’. काही दिवसांनी वाटेत मुलाला लुटलं जातं. लुटणारे अनेकदा त्याच टोळीचे असतात. मग सांगितलं जातं : ‘माल तुझ्या हातून गेला, पैसे तू भरायचे.’ पैसे नाहीत, म्हणून फुकट काम. नकार दिला तर बहिणीचं, आईचं नाव घेऊन धमकी. बुटांच्या लोभाने मुलगा आत गेला असेल, पण त्याला धरून ठेवलंय ते कर्जाने. पिस्तूलही याच टप्प्यावर येतं. ‘एवढं चार दिवस तुझ्याकडे ठेव, हप्ता माफ.’

म्हणून पहिला प्रश्न ‘तू काय करतोस?’ असा विचारू नका. ‘तुझ्यावर कोणाचं काही देणं आहे का?’ असं विचारा. घरात इतर कोणी नसताना, समोरासमोर बसण्यापेक्षा बाजूला बसून, चालताना किंवा गाडीत. उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा येईल. तोवर घराचं दार त्याच्यासाठी उघडं राहिलं पाहिजे. वडिलांनी मारलं तर रात्र काढायला त्याच्याकडे एकच जागा उरते, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांना तेच हवं असतं.

आजपासून एक वही ठेवा. तारीख, बाहेर गेल्याची आणि आल्याची वेळ, घ्यायला आलेल्या गाडीचा नंबर, कानावर पडलेली टोपणनावं. फोनवरचे संदेश दिसले तर पडद्याचे फोटो घ्या, काहीही पुसू नका. फोन फोडला की कोण बोलावतं याचा पुरावा जातो. शिवाय तो फोन त्यांचा असेल तर त्याची किंमतही मुलाच्या कर्जात चढते.

घरात पुडी सापडली तर संडासात टाकण्याची घाई होते. ती बुडाली की तेवढंच कर्ज वाढतं, आणि मुलाला कोणी वापरलं हे सिद्ध करणारी वस्तूही जाते. पण घरात दाबून ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. त्याच दिवशी वकिलाशी बोला आणि त्यांना सोबत घेऊन पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. पिस्तूल सापडलं तर हात लावू नका. मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढलं तरी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, एक गोळी शिल्लक असू शकते, आणि घरातले असे बरेच अपघात ‘रिकामं आहे’ असं समजूनच होतात. सगळ्यांना खोलीबाहेर काढा, दार लावा, फोन करा.

पोलिसांकडे बोलताना पहिलं वाक्य हे ठेवा : ‘माझ्या अल्पवयीन मुलाकडून मोठी माणसं धमकावून काम करून घेत आहेत.’ हे वाक्य जसं आहे तसं तक्रारीत लिहून घ्या. मुलगा आरोपी म्हणून नोंदला जातो की शोषणाचा बळी म्हणून, हे बहुतेक वेळा पहिल्या नोंदीवर ठरतं. इंग्लंडच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात अशा मुलांसाठी बचावाची तरतूद आहे. आपल्या भागातल्या बालकायद्यात काय आहे ते वकिलाला विचारा.

कर्ज एकदाचं फेडून टाकू, असं वाटेल. फेडल्याने सुटका होईल असं धरून चालू नका. या घरातून पैसे निघतात हेच त्यांना त्यातून कळतं. मुलाला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवणार असाल तर तो जुना फोन त्याच्यासोबत जाऊ देऊ नका, नाहीतर बोलावणं तिथेही पोचेल. निघण्याआधी शाळेतल्या एका विश्वासू शिक्षकाला कल्पना द्या.

आणखी एक. पंधराव्या वर्षाचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, टोळ्यांसाठी मात्र वय हा हिशोब असतो. स्वीडनमध्ये अनेक वर्षं पंधरा वर्षांखालच्या मुलावर फौजदारी खटला चालवला जात नव्हता. तिथल्या टोळ्या नेमक्या त्याखालच्या मुलांना मोबाइलवरच्या संदेशांतून गोळीबाराच्या सुपाऱ्या देऊ लागल्या. मुलं ज्याला कधी भेटलेलीही नसतात अशा माणसासाठी ती गोळी झाडतात.

तो स्वतः अफूजन्य पदार्थ घेतोय अशी शंका असेल तर नॅलॉक्सोन या, अशा पदार्थांचा अमल उतरवणाऱ्या औषधाचा नाकातला फवारा घरात ठेवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद, ओठ निळसर आणि हलवूनही जाग नाही : या खुणा दिसल्या तर आधी रुग्णवाहिका, मग फवारा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा. औषधाचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच.

प्रश्न : आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना तुरुंग दाखवायला नेऊन कैद्यांकडून ‘आमच्यासारखे होऊ नका’ असं सांगायचा बेत आहे. वर्षातून एक व्यसनविरोधी भाषणही असतं. याचा उपयोग होतो का?
— मुख्याध्यापिका

उत्तर : तुरुंगभेट रद्द करा. ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकापासून चालली. नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असं दिसलं की भेट दिलेल्या मुलांनी भेट न दिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. ज्या मुलाला कुठेच किंमत नाही, त्याला तो कणखर कैदी भीतीदायक वाटण्यापेक्षा मोठा वाटतो. बिघडलेल्या मुलांचा वेगळा गट करून त्यांना एकत्र ‘सुधारणं’ही याच कारणाने उलटतं. ती एकमेकांकडून शिकतात. भाषणाने नुकसान नसेल, पण टिकाऊ फायदाही नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात शिकवायचा ‘डेअर’ कार्यक्रम हजारो शाळांत गेला आणि मुलांच्या नशेवर त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही.

उपयोग झाला तो सरावाचा. शिकागोतल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात मुलांचे लहान गट आठवड्यातून एक तास, शाळेच्याच वेळेत, एका प्रशिक्षित समुपदेशकासोबत बसतात. त्यातला एक खेळ तुम्हीही करू शकता. मुलांच्या जोड्या करा. एकाच्या हातात चेंडू. दुसऱ्याला सांगा, तीस सेकंदांत तो मिळव. बहुतेक सगळे ओढाताण, पिरगाळणं सुरू करतात. मग भूमिका बदला. शेवटी विचारा : ‘मागितला का नाहीस?’ उत्तर येतं, ‘त्याने दिला नसता.’ समोरच्याला विचारा. तो बहुतेक वेळा म्हणतो, ‘मागितला असता तर दिला असता.’ समोरच्याच्या मनात काय आहे हे आपण किती झटकन गृहीत धरतो, ते मुलांना स्वतःच्या हातून दिसतं. रस्त्यावरच्या गोळीबारांत ‘तो माझ्याकडे असा का बघत होता’ यापेक्षा मोठं कारण अनेकदा नसतंच.

या कार्यक्रमाच्या दोन चाचण्यांत तो सुरू असताना मुलांच्या एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम टिकल्याचं स्पष्ट दिसलं नाही. म्हणजे एक सत्र करून फोटो काढण्यात अर्थ नाही. वर्षभर करायचं, पुढच्या वर्षी पुन्हा.

नशेबाबत आइसलँडचा अनुभव पाहा. तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ‘गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो’ म्हणणारी १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी दरवर्षी प्रत्येक शाळेत निनावी पाहणी केली आणि काही आठवड्यांतच त्या-त्या शाळेचे आकडे त्याच शाळेच्या पालकांपुढे ठेवले. खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी पालिकेने पैसे दिले. मुलांनी रात्री किती वाजता घरी असायचं याचा नियम पालकांनी मिळून पाळला. एकट्या आईने ‘दहाला घरी ये’ म्हटलं तर भांडण होतं. वर्गातल्या सगळ्यांच्या आईने म्हटलं तर बाहेर थांबायला सोबतीच उरत नाही.

प्रश्न : वडिलांचं परवान्याचं पिस्तूल कपाटात कपड्यांखाली असतं. मुलांना माहीत नाही. एवढं पुरे ना?
— एक वाचक

उत्तर : नाही. मुलांना माहीत असतं. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिस या सुरक्षा यंत्रणेने २००८ ते २०१७ मधल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. २०२४ मध्ये त्याच्या आईलाही आणि वडिलांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

पिस्तूल रिकामं करून, नळी डोळ्यांनी आणि बोटाने तपासून कुलपात. गोळ्या वेगळ्या कुलपात, वेगळ्या जागी. किल्ली फक्त परवानाधारकाजवळ, आणि आकड्यांचं कुलूप असेल तर कोणाचीही जन्मतारीख नको. घरात कोणी खूप खचलेलं असेल, नशा करत असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर ते कायदेशीर मार्गाने घराबाहेर ठेवा. चोरीला गेलं तर त्याच दिवशी तक्रार द्या. चोरलेलं परवान्याचं हत्यार हाही बेकायदा बाजाराचा एक मोठा झरा आहे.

प्रश्न : आमच्या भागात पोरांच्या दोन गटांत तीन वेळा गोळीबार झाला. रहिवाशांची मागणी आहे की पोलिसांनी सगळ्या टवाळ पोरांना उचलावं. समितीने आणखी काय मागावं?
— मोहल्ला समितीचे सदस्य

उत्तर : ‘सगळ्यांना उचला’ ही मागणी सोडा. बॉस्टनमध्ये १९९० च्या दशकात संशोधक, पोलीस आणि मुलांमध्ये काम करणारे कार्यकर्ते एकत्र बसले आणि कोण कोणाशी भांडतंय याचा नकाशा काढला. शहरात ६१ टोळ्या निघाल्या, सदस्य साधारण १,३००. त्या वयाच्या मुलांत हे एक टक्काही नव्हते, पण तरुणांच्या खुनांपैकी किमान ६० टक्के त्यांच्या भांडणांतून होत होते. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांना रस्त्यावर अडवून, झडती घेऊन काय साधतं? पोलिसांना माहिती देणारं कोणी उरत नाही.

१९९६ मध्ये तिथे ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू झालं. परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर सुटलेल्या टोळीसदस्यांना एका सभेला बोलावलं गेलं. समोर पोलीस, सरकारी वकील, वस्तीतले धर्मगुरू, कार्यकर्ते. निरोप असा : गोळी चालली तर ज्याने झाडली त्याच्यासकट त्याच्या पूर्ण टोळीवर सगळ्या यंत्रणा एकदम तुटून पडतील. आणि ज्याला बाहेर पडायचंय, त्याला काम, शाळा, उपचार, आत्ता, या टेबलावर. तरुणांच्या खुनांची महिन्याची सरासरी ६३ टक्क्यांनी उतरली. त्या काळात इतर शहरांतही खून घटत होते, त्यामुळे सगळं श्रेय या एका मोहिमेला देता येत नाही. पण २००० नंतर मोहीम गुंडाळली गेल्यावर तरुणांचे खून पुन्हा चढले आणि ती पुन्हा सुरू करावी लागली.

हे बहुतेक ठिकाणी फसतं ते दोन कारणांनी. मदतीचं टेबल रिकामं असतं, मुलगा चौकशीला जातो तर ‘अर्ज भरा, पुढच्या महिन्यात या’ ऐकतो. किंवा धमकी पाळली जात नाही, गोळीबार होतो आणि काहीच घडत नाही. दुसऱ्या सभेला कोणी तुमचं ऐकत नाही.

समितीला स्वतःला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. गोळीबाराच्या जागा नकाशावर मांडा, वार आणि वेळेसकट. बहुतेक खुणा दोन-तीन कोपऱ्यांवर गोळा होतील. तिथे दिवा बंद आहे का, पडीक जागा आहे का, ते पाहा. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंड चाचणीसाठी घेतले होते. काहींवरचा कचरा उचलून जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बाजूने बुटकं लाकडी कुंपण घातलं, आत जायला वाट ठेवली आणि गवत नियमित कापलं. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवतीची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. हत्यार लपवायला आणि माल विकत उभं राहायला आडोसा राहिला नाही. कुंपण बुटकंच हवं. उंच भिंत घातलीत तर नवा आडोसा तयार होईल.

दुसरी मागणी सुट्टीतल्या कामाची ठेवा. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतल्या शाळांमधल्या काही मुलांना चिठ्ठ्या टाकून आठ आठवडे, आठवड्याला २५ तास पगारी काम दिलं गेलं. काम न मिळालेल्यांच्या तुलनेत हिंसक गुन्ह्यांच्या अटका पुढच्या सोळा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. घट बरीचशी काम संपल्यानंतरची होती. दुकानदार, दवाखाने, वाचनालयं यांच्याकडून दहा जागा मिळाल्या तरी सुरुवात करा. पण त्या जागा शहाण्या मुलांना वाटून टाकू नका. तुमच्या नकाशावर ज्यांची नावं येतात, त्यांच्यासाठीच त्या मिळवायच्या आहेत.

प्रश्न : माझ्या भाच्याच्या मांडीत गोळी लागली. जीव वाचला. त्याचे मित्र रुग्णालयाबाहेर जमलेत, ‘सोडणार नाही’ म्हणतात. घरच्यांनी काय करावं?
— एक मामा

उत्तर : तुम्ही आजच कामाला लागा, कारण पुढचे दोन-तीन दिवस फार नाजूक असतात. शिकागोत २००६ ते २०१४ मधल्या गोळीबारांच्या अभ्यासात, ज्यांना गोळी लागली त्यांच्या ओळखीच्या साखळीतूनच हिंसा साथीसारखी पुढे सरकताना दिसली. साखळीतल्या पुढच्या माणसाला सरासरी १२५ दिवसांनी गोळी लागत होती. म्हणजे सुडाची धमकी चार दिवसांत विरली तरी धोका चार महिने धरून चला.

बाहेर जमलेल्यांपैकी ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक जण निवडा आणि त्याला भाच्याच्या पलंगाशी न्या. भाच्याच्या तोंडून एकच वाक्य हवं : ‘माझ्या नावाने कोणी काही करायचं नाही.’ हे त्याच्या आईने सांगून चालत नाही. मित्रांना रात्री एकत्र बसू देऊ नका. एकाला रक्तदानाला, एकाला औषधं आणायला, एकाला आजीला घरी सोडायला, अशी कामं वाटा. कोणी झाडली याचे अंदाज, भाच्याचे पट्ट्या बांधलेले फोटो, शिव्या, यांतलं काहीही समाजमाध्यमांवर जाऊ नये. गेलं असेल तर उतरवायला लावा. नाव कळलं असेल तर ते पोलिसांना द्या, गल्लीत बोलू नका.

कॅलिफोर्नियात ओकलंडमध्ये १९९४ पासून अशा मुलांना भेटायला रुग्णालयातच एक माणूस येतो. तो त्याच वस्तीत वाढलेला असतो आणि घरी सोडल्यावरही महिनोन्‌महिने सोबत राहतो. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा आणि कुटुंबातला, पोरं ज्याला मानतात असा एक जण या कामासाठी ठरवा. त्याला चार महिने आठवड्यातून दोनदा भेटायचं आहे. कॅलेंडरवर तारखा आताच घाला. घरी सोडताना जमल्यास वेगळ्या पत्त्यावर न्या. झोप न लागणं, मोठ्या आवाजाने दचकणं, ‘आता मीही ठेवतो एक’ असं बोलणं सुरू झालं तर डॉक्टरांना सांगा. जखम भरली म्हणजे भीती गेली असं होत नाही, आणि भीतीनेच पिस्तूल घरात येतं.

वेदनेसाठी अफूजन्य गोळ्या दिल्या असतील तर त्या त्याच्या उशाशी ठेवू नका. पाकीट त्याच्या आईच्या ताब्यात, कुलपात. रोज सकाळी मोजायच्या, मोजलेला आकडा पाकिटावर लिहायचा. किती दिवसांत त्या कमी करून बंद करायच्या हे घरी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत द्या. घरात राहिल्या तर आज बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी त्या मागायला येईल.